एका पेल्याची बखर

इतिहास शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस एक खोड जडते. कोणताहि कागद हातीं आला, मग तो सनदेचा असो कीं वाण्याच्या यादीचा असो, त्यावर मिति कोणती, लिहिणारा कोण आणि लिहिण्यांत त्याचा हेतु काय, हे तीन प्रश्न त्यांच्या मनांत आपोआप उभे राहतात. ही खोड घरच्या माणसांस बहुधा तापदायकच होते. परंतु गेल्या वर्षीं अमेरिकेच्या प्रवासांत ती आम्हांस अशा एका स्थळीं उपयोगीं पडली कीं, त्याचें नांव ऐकतांच आमचे कांहीं वाचक भिंवया उंचावतील. तें स्थळ म्हणजे व्हिस्की गाळण्याची एक लहानशी भट्टी.

प्रथमच सांगून टाकतों कीं, मद्यपानाची तरफदारी करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. ज्या घरांत बाळंतिणीच्या औषधासाठीं आणलेली ब्रँडीची बाटली फडताळाच्या अगदीं मागच्या कप्प्यांत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागें लपवून ठेवीत, त्या घरांत आम्ही वाढलों. दारूनें धुळीस मिळालेले संसार आम्हीं पाहिले आहेत. वाचकांनींहि पाहिले असतील. पण एखादी वस्तु वाईट म्हणून तिचा इतिहास लिहूं नये असें ठरविलें, तर अफूचा, तोफेचा आणि गुलामगिरीचाहि इतिहास लिहितां येणार नाहीं. शिवाय सरकार आणि प्रजा यांची गांठ जशी शेतसाऱ्यावरून पडते, तशीच ती दारूवरील करावरूनहि पडते. आणि ज्या पेल्याची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्याचा तर सारा जन्मच अशा एका करापासून मोजला जातो.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या पश्चिम भागांत अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी निघते. त्या संगमावर पिट्सबर्ग शहर वसलेलें आहे. आमचे एक जुने विद्यार्थी तेथें अभियंता आहेत. त्यांनीं एका रविवारीं आम्हांस मोनोंगाहेलाच्या खोऱ्यांतील एका भट्टीवर नेलें. "सर, चाखायचें आहे, प्यायचें नाहीं, थुंकून टाकायचीहि सोय असते," असें त्यांनीं वाटेंत दोनदां सांगितलें. भट्टी म्हणजे एक जुनें कोठार होतें. आंत तांब्याचीं दोन भांडीं, आंबवणाच्या चार टांक्या आणि भिंतीशीं रचलेलीं ओकच्या लांकडाचीं पिंपें, एवढाच पसारा. भट्टीचा मालक चाळिशींतला, हाताला भाजल्याच्या खुणा असलेला, बोलका गृहस्थ होता. त्यानें तीन लहान पेले आमच्यापुढें मांडले.

पहिल्या पेल्यांतील व्हिस्की पाण्यासारखी स्वच्छ, त्याच आठवड्यांत गाळलेली होती. ती नाकाशीं नेतांच ओल्या गवताचा आणि जात्यांतून नुकत्याच पडलेल्या पिठाचा वास आला, आणि जिभेवर थेंब पडतांच दातांखालीं मिऱ्यें फुटावीं तसा झणका उठला. दुसऱ्या पेल्यांतील व्हिस्की दोन वर्षें पिंपांत राहिलेली होती. तिचा रंग पातळ कोऱ्या चहासारखा असून लांकडाचा तुरटपणा अद्याप धान्याच्या चवीशीं भांडत होता. तिसरी सहा वर्षांची होती. रंगानें ती काकवीकडे झुकलेली. वासांत लवंग, दालचिनी आणि संत्र्याची वाळलेली साल. तोंडांत प्रथम गोडसर, आणि शेवटीं पुन्हां तीच मिऱ्याची ठिणगी, पण आतां शहाण्या माणसाच्या रागासारखी आवरलेली. मालकानें त्यांत पाण्याचे दोन थेंब टाकावयास सांगितले. टाकतांच वास आणखी उमलला. आम्हांस तिसरा पेला सर्वांत आवडला, हें आम्ही येथें प्रामाणिकपणें नमूद करून ठेवतों. त्या आवडीचा जबाब पुढें द्यावा लागणार आहे.

ज्या धान्यापासून ही व्हिस्की होते त्याला राय म्हणतात. आपली फोडणींतली राई ती ही नव्हे. ही गहूं आणि सातू यांच्या कुळांतली. थंड हवा आणि हलकी जमीन यांना न भिणारी. गहूं जेथें हात टेकतो तेथें राय उभी राहते, म्हणून उत्तर आणि पूर्व युरोपांत ती गरिबांच्या भाकरीचें धान्य झाली. जर्मन वसाहतवाल्यांनीं ती पेनसिल्व्हेनियांत रुजविली. भट्टीवाल्याला मात्र ती छळते. तिचें आंबवण चिकट होतें आणि फेंस टांकीबाहेर उतूं जातो. त्या त्रासाचा मोबदला म्हणजे तो झणका. आजचा अमेरिकन कायदा असा आहे कीं, राय व्हिस्की म्हणवून घ्यावयाचें तर आंबवणांत निदान ५१ टक्के राय पाहिजे आणि ती आंतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपांत ठेवली पाहिजे. येथपर्यंत कायदा स्पष्ट आहे. पण बाटलीवरच्या चिठ्ठीवर सर्वांत ठळक असतें तें दुसरेंच: 'लहान भट्टी', 'लहान घाणा', 'वाडवडिलांची रीत'. घाणा किती पिंपांचा असला म्हणजे लहान, हें मात्र कोणत्याहि कायद्यांत सांगितलेलें नाहीं. 'लहान' हा शब्द येथें मापाचा नाहीं, तो इतिहासाचा आहे. आणि इतिहासाचा असल्यामुळेंच तो तपासून घ्यावा लागतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या खोऱ्यांत मोठें असें कांहींच नव्हतें. डोंगराच्या अलीकडच्या शेतकऱ्याजवळ राय पुष्कळ, पैसा मुळींच नाहीं, आणि बाजार डोंगरापलीकडे तीनशें मैलांवर फिलाडेल्फियाच्या बाजूस. तेव्हांचा हिशेब असा सांगतात कीं, एका तट्टावर चार बुशेल धान्य लादतां येई. पण त्याच तट्टावर चोवीस बुशेल धान्याची गाळलेली व्हिस्की दोन पिंपांतून जाई. तेव्हां भट्टी हा या शेतकऱ्याचा व्यसनाचा विषय नसून वाहतुकीचा विषय होता. मजुराची मजुरी, दुकानदाराची उधारी व्हिस्कीनें फिटे. तिकडे नव्या राष्ट्राचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यापुढें स्वातंत्र्ययुद्धाचें कर्ज होतें. त्यांनीं १७९१ च्या मार्चमध्यें देशी मद्यावर कर बसविणारा कायदा संमत करून घेतला. नव्या संघराज्यानें देशांत पिकलेल्या मालावर बसविलेला हा पहिला कर.

कराची आंकडेमोड पाहिली म्हणजे तंट्याचें मूळ कळतें. खेड्यांतील भट्टीवाल्यास प्रत्येक गॅलनामागें कर द्यावा, किंवा भांड्याच्या मापावर वर्षाची ठोक रक्कम भरावी, अशी मुभा होती. वर्षभर भट्टी चालविणाऱ्या मोठ्या धंदेवाल्यास ठोक रक्कम परवडे. जितकें अधिक गाळावें तितका गॅलनामागें कर कमी. सुगीनंतर दोन महिने भांडें चुलीवर चढविणाऱ्या शेतकऱ्यास हा लाभ नाहीं. शिवाय कर रोख नाण्यांत भरावयाचा, आणि रोख नाणें तर त्या मुलुखांत दुर्मिळ. कर चुकविल्याचा खटला फिलाडेल्फियास चालावयाचा. म्हणजे निर्दोष ठरला तरी तीनशें मैलांच्या खेपेनें शेतकरी बुडालाच. कायद्याच्या अक्षरांत 'लहान' आणि 'मोठा' हे शब्द नव्हते. परंतु त्याच्या अंकगणितांत ते होते.

पुढची हकीकत अमेरिकेच्या शाळांत मुलें पाठ करतात. १७९१ च्या सप्टेंबरांत रॉबर्ट जॉन्सन नांवाच्या वसुली अंमलदाराच्या अंगाला डांबर फांसून वर पिसें चिकटविण्यांत आलीं. जो शेतकरी मुकाट्यानें कर भरी त्याच्या भांड्याला रात्रीं गोळ्या घालीत, आणि 'टॉम कल्हईवाला' अशा अर्थाच्या टोपणनांवानें धमकीचीं पत्रें झाडांवर डकवीत. भांड्याला भोकें पाडणें याचेंच नांव त्यांनीं डागडुजी ठेविलें होतें. १७९४ च्या जुलैंत बंडखोरांनीं करखात्याचे निरीक्षक जनरल जॉन नेव्हिल यांच्या हवेलीवर चाल केली. चकमकींत बंडखोरांचा पुढारी जेम्स मॅकफार्लेन ठार झाला आणि हवेली जळून खाक झाली. १ ऑगस्ट रोजीं पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉकच्या मैदानावर सुमारें सात हजार माणसें जमलीं. तेव्हां राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं चार राज्यांतून जवळजवळ तेरा हजारांची फौज उभी केली आणि कांहीं मजल स्वतः तिच्याबरोबर घोड्यावरून केली. फौज डोंगर उतरली तेव्हां लढावयास कोणी समोर उरलें नव्हतें. सुमारें वीस कैदी फिलाडेल्फियास नेले. त्यांपैकीं दोघांस राजद्रोहाबद्दल फांशीची शिक्षा झाली, आणि वॉशिंग्टन यांनीं त्यांस १७९५ मध्यें क्षमा केली. कर पुढें १८०२ मध्यें जेफर्सनच्या कारकीर्दींत रद्द झाला.

या दोघांपैकीं एकाचें नांव फिलिप विगल. एकविसाव्या शतकांत पिट्सबर्ग येथें निघालेल्या एका भट्टीनें त्याचें नांव धारण केलें. म्हणजे ज्याच्या गळ्याभोंवतीं फांस पडावयाचा होता त्याचें नांव बाटलीच्या गळ्यावर आलें. बखरीचें हें कार्यच असतें. ती कर्त्या पुरुषास निवडते, त्याचे खांचखळगे बुजविते आणि गोष्ट सुटसुटीत करते. बखरींत एका बाजूस गरीब शेतकरी, दुसऱ्या बाजूस जुलमी सरकार. कागद पाहिले तर गोष्ट अशी सुटसुटीत राहत नाहीं. करनिरीक्षक नेव्हिल स्वतःच त्या भागांतला एक बडा भट्टीवाला आणि गुलामांचा मालक होता; कराच्या ज्या अंकगणितानें शेजारी बुडणार होते त्यानें तो तरणार होता. उलट बंडखोरांनीं जे हाल केले ते सरकारपेक्षां त्यांच्याच बरोबरीच्या, भिऊन कर भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वांट्यास अधिक आले. आमच्या वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास आरंभ केला, तो बखरींवर भिस्त ठेवून भागत नाहीं, अस्सल पत्रें पाहिलीं पाहिजेत, याच आग्रहानें. तो आग्रह मोनोंगाहेलाच्या कांठींहि तितकाच लागू पडतो.

आणि कागद किती बोलतात याचें उत्तम उदाहरण खुद्द वॉशिंग्टन यांच्याच घरीं सांपडतें. बंड मोडणारा हा पुरुष राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर राय व्हिस्कीचा एक मोठा उत्पादक झाला! त्यांच्या व्हर्जिनियांतील माउंट व्हर्नन या वतनावर जेम्स अँडरसन नांवाचा स्कॉटिश कारभारी होता. त्याच्या आग्रहावरून १७९७ मध्यें त्यांनीं भट्टी सुरू केली. पुढें तिच्यांत तांब्याचीं पांच भांडीं बसलीं आणि १७९९ मध्यें तिनें जवळजवळ ११ हजार गॅलन व्हिस्की गाळली. आंबवणाचें प्रमाण राय ६० टक्के, मका ३५ टक्के आणि मोड आणून वाळविलेला सातू ५ टक्के. उरलेला चोथा डुकरांना घालीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वॉशिंग्टन वारले आणि १८१४ मध्यें भट्टीची इमारत जळाली. २००७ मध्यें ती त्याच जागीं, त्याच मापानें पुन्हां उभारून लोकांस खुली करण्यांत आली. हें शक्य झालें याचें कारण जमिनींतील पाया जसा सांपडला तसे हिशेबहि टिकून राहिले होते. किती राय आली, किती गॅलन गेले, कोणास विकले, हें कारकुनानें लिहून ठेविलें नसतें तर आज ५ टक्के सातूची गोष्ट कोणी सांगितली असती?

पण त्याच दप्तरानें आणखी एक गोष्ट सांगितली, जी कोणत्याहि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत येत नाहीं. भट्टीवर राबणारीं माणसें कोण होतीं? हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी. हे सहा जण गुलाम होते. नुसतीं नांवें, आडनांव नाहीं, रोजमुरा नाहीं. 'वाडवडिलांची रीत' म्हणतांना कोणाचे वाडवडील, हा प्रश्न त्या सहा नांवांपाशीं येऊन थांबतो. बखरीनें वगळलेलीं माणसें दप्तरानें राखलीं. तीं राखण्याचा दप्तराचा हेतु उदात्त नव्हता, ती केवळ मालमत्तेची नोंद होती. तरीहि तीं राहिलीं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं 'लहान' असणें ही मिरवण्याची गोष्ट नव्हती, ती सर्वांचीच स्थिति होती. १८१० च्या मोजणींत देशांत १४ हजारांहून अधिक भट्ट्या नोंदल्या गेल्या. पुढें कालवे झाले, आगगाडी आली, कोळसा निघाला, आणि त्याच खोऱ्यांत भट्ट्यांचे कारखाने झाले. मोनोंगाहेलाच्या रायचें नांव इतकें झालें कीं, हर्मन मेल्व्हिलच्या १८५१ च्या 'मोबी डिक' या कादंबरींतील खलाशांच्या तोंडींहि तें आलें आहे. वेस्ट ओव्हरटन येथें एब्राहम ओव्हरहोल्ट या मेनोनाइट पंथाच्या विणकरानें भट्टी वाढविली. कोळसा आणि पोलाद यांत पुढें गबर झालेला हेन्री क्ले फ्रिक हा त्याचाच नातू. म्हणजे एका पिढींत शेताच्या कडेचें भांडें आणि तिसऱ्या पिढींत कोट्यधीश, इतक्या वेगानें हें स्थित्यंतर झालें.

माल दूर जाऊं लागला तसा गाळणारा आणि पिणारा यांमधील ओळखीचा धागा तुटला, आणि भेसळ शिरली. कोऱ्या मद्यार्कांत जळकी साखर आणि फळांचा रस घालून 'जुनी राय' विकण्याचा धंदा राजरोस चाले. त्यावर १८९७ मध्यें एक कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, सरकारी कुलपाखालीं निदान चार वर्षें ठेवलेली आणि शेंकडा ५० मद्यार्काची व्हिस्की असेल, तरच बाटलीवर सरकारी पट्टी लागेल. ज्या सरकारी कुलपाविरुद्ध शंभर वर्षांपूर्वीं गोळ्या झाडल्या, तेंच कुलूप आतां खरेपणाची साक्ष म्हणून भट्टीवाले मागून घेऊं लागले! पुढें १९०६ मध्यें शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला आणि १९०९ मध्यें राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनीं व्हिस्की कशास म्हणावें याचा निवाडा केला. चिठ्ठीनें खरें बोलावें, हा प्रश्न राष्ट्राध्यक्षाच्या मेजापर्यंत गेला होता.

मग जानेवारी १९२० मध्यें राष्ट्रव्यापी दारूबंदी आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजीं ती उठली. बंदीच्या अवधींत औषधी व्हिस्की विकण्याचे परवाने अवघ्या सहा कंपन्यांस मिळाले. मोठ्यांस निदान औषधाचा आधार होता. लहानांस कांहींच नव्हता. बंदी उठल्यावर लहान भट्ट्यांजवळ पिकलेला माल नव्हता, भांडवल नव्हतें, आणि लोकांची जीभहि मवाळ चवींस सरावली होती. मका स्वस्त, गाळावयास सोपा आणि गोड. केंटकीच्या मक्याच्या व्हिस्कीपुढें राय मागें पडली. पेनसिल्व्हेनियांतील उरलेल्या जुन्या भट्ट्याहि एकामागून एक बंद झाल्या, आणि १९९० च्या सुमारास रायच्या या माहेरघरांत तिचें घर उरलें नाहीं. केंटकींतील कारखाने वर्षांतून मोजके दिवस राय गाळीत, तेवढ्यावर तिचा जीव टिकला.

ही हकीकत लिहितांना आमचें मन वरचेवर मुंबई इलाख्याकडे वळतें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें येथेंहि गांवोगांवचें गाळणें मोडून तें मध्यवर्ती भट्ट्यांत आणि मक्तेदारांच्या हातीं दिलें, आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरहि निर्बंध आले. रानांतील आदिवासीस आपल्या झाडाचें फूल वेंचावयास सरकारी परवाना लागूं लागला. भेद एवढाच कीं, पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यास मत होतें, त्यानें निवडलेला पक्ष सत्तेवर येऊन कर रद्द झाला. आमच्या वारल्यास आणि कातकऱ्यास मत नव्हतें. आणि त्याची बाजू त्याच्या शब्दांत सरकारी दप्तरांत क्वचितच सांपडते.

रायचें पुनरुज्जीवन हा आपल्या डोळ्यांदेखतचा इतिहास आहे. १९९६ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रिट्झ मेटॅग यांनीं निव्वळ मोड आणलेल्या रायची व्हिस्की विक्रीस काढली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत देशभर लहान भट्ट्या पुन्हां उगवल्या. कांहींनीं तर बियाण्यापर्यंत माग काढला. जोसेफ रोझेन या रशियन विद्यार्थ्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मिशिगनच्या शेतकी महाविद्यालयास स्वदेशांतून एक बी मिळवून दिलें. त्या रोझेन रायला पूर्वीं भट्टीवाल्यांची मोठी मागणी असे. राय वाऱ्यानें फळते, शेजारच्या शेताचें पराग येतांच वाण बिघडतें. म्हणून तिचें शुद्ध बियाणें मिशिगन सरोवरांतील साउथ मॅनिटू बेटावर पिकवीत. तें मागें पडलेलें वाण २०२० मध्यें त्याच बेटावर पुन्हां पेरलें गेलें. सरकारची दृष्टीहि पालटली. २०१८ पासून आणि २०२० अखेर कायम स्वरूपांत, प्रत्येक भट्टीच्या वर्षांतल्या पहिल्या एक लाख प्रूफ गॅलनांवर १३.५० ऐवजीं २.७० डॉलर कर बसूं लागला. प्रूफ गॅलन म्हणजे शेंकडा ५० मद्यार्काचा एक गॅलन. हॅमिल्टनच्या अंकगणितानें जें लहानांवर लादलें होतें, तें सव्वादोनशें वर्षांनीं उलटलें.

आतां त्या तिसऱ्या पेल्याकडे परत येऊं. पेला खालीं ठेवतांना दारावरील पाटीकडे आमचें लक्ष गेलें. पाटीवर भट्टीच्या स्थापनेचें वर्ष होतें. भट्टी चार वर्षांपूर्वींची. व्हिस्की सहा वर्षांची. आमची जुनी खोड जागी झाली, आणि चार वर्षांच्या आईस सहा वर्षांची लेक कशी, असें आम्हीं विचारलें. आमचे विद्यार्थी संकोचले. मालक मात्र मोकळेपणानें हंसला आणि त्यानें बाटली फिरवून मागची चिठ्ठी दाखविली. तेथें बारीक अक्षरांत लिहिलें होतें: इंडियाना राज्यांत गाळलेली. त्या राज्यांतील लॉरेन्सबर्ग गांवीं एक प्रचंड कारखाना आहे. तो शेंकडा ९५ रायची व्हिस्की गाळून पिंपांनीं विकतो, आणि 'लहान' म्हणविणाऱ्या कित्येक छापांच्या बाटल्यांत तीच असते. बाटली भरणाऱ्याच्या राज्याहून गाळण्याचें राज्य वेगळें असेल तर तें छापलें पाहिजे असा नियम आहे. हें नीट न सांगितल्यावरून आयोवा राज्यांतील एका गाजलेल्या छापावर दावे झाले आणि २०१५ मध्यें त्यास तडजोड करून चिठ्ठी बदलावी लागली.

मालक म्हणाला, "पिंप भरल्यापासून सहा वर्षें मी काय खाऊं? ती विकतों म्हणून ही गाळतां येते." या उत्तरांत खोटें कांहीं नव्हतें. पण आमची पंचाईत निराळीच होती. तीन पेल्यांतून आमच्या जिभेनें निवडला होता तो नेमका कारखान्याचा! लहान भट्टीचा म्हणून कौतुक करावयास आम्ही गेलों होतों, तेथील स्वतःचे दोन पेले आम्हीं कच्चे ठरविले. जीभ खोटें बोलली नाहीं. ती वस्तु खरोखरच चांगली होती. पण कोणीं गाळली, कोठें गाळली, कोणाच्या श्रमानें गाळली, हें जिभेस कळत नाहीं. त्यासाठीं मागची चिठ्ठी वाचावी लागते. आणि ती बारीक अक्षरांतली मागची चिठ्ठी कोणा भट्टीवाल्याच्या सौजन्यानें आलेली नसून, १८९७ पासून खरेपणासाठीं झालेल्या भांडणांची ती कमाई आहे. पुढच्या चिठ्ठीवर बखर आणि मागच्या चिठ्ठीवर दप्तर, अशी त्या बाटलीची रचना आहे. बखर वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावांचून त्या खोऱ्यांत पुन्हां भांडें चुलीवर चढतें ना. पण तेवढीच वाचून पैसे मोजणें, हें बखर वाचून इतिहासाची परीक्षा देण्यासारखें आहे.

निघण्यापूर्वीं आम्हीं मालकास त्याच्या हिशेबाच्या वह्या पाहूं द्याव्या अशी विनंति केली. त्यास नवल वाटलें, पण त्यानें एक जाड वही आणून दिली. अबकारी खात्यास दाखवावयाची ती रोजनिशी होती. अमुक तारखेस इतकी राय, शेजारच्या अमुक शेतकऱ्याकडून, इतकें आंबवण, इतके गॅलन निघाले, पिंप क्रमांक अमुक, आणि शेवटच्या रकान्यांत त्या दिवशीं भट्टीवर असणाऱ्या दोन मजुरांच्या आडनांवासकट सह्या. दुसऱ्या पेल्यांतील तुरट व्हिस्की कोणत्या पिंपांतली, तें आम्हीं त्या वहींत शोधून काढलें. पिंपाची तारीख, रायचें वजन आणि सही करणारा गडी, सर्व कांहीं जागच्या जागीं होतें. विद्यार्थी बाहेर मोटारींत वाट पाहत होते. आम्हीं ती ओळ आपल्या टिपणवहींत उतरवून घेतली आणि मग उठलों.